चालू गाडीत फोन उचलला आणि हातात आरोपपत्र आलं: राजीनामा द्यायचा की लढायचं?

चाकण भागातल्या एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसवर अकरा वर्षं चालक असलेल्या एका भावाने हा प्रश्न पाठवला आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, तळेगाव-चाकण रस्त्यावर, त्यांनी चालू गाडीत फोन कानाला लावला. मागच्या सीटवरच्या एका कामगाराने चाळीस सेकंदांची क्लिप काढली. ती ग्रुपवर फिरत फिरत संध्याकाळपर्यंत वाहतूक कंत्राटदाराच्या ऑफिसात पोचली. दुसऱ्या दिवशी निलंबन, चार दिवसांनी आरोपपत्र, उत्तराला ७२ तास. फोन कंत्राटदाराच्याच सुपरवायझरचा होता. पण पहिल्या दिवशी ऑफिसात बोलावल्यावर घाबरून त्यांनी ‘मी फोन उचललाच नाही’ असा जबाब लिहून दिला. आता एचआर म्हणतंय, राजीनामा द्या, सगळा हिशोब करून देतो, नाहीतर बडतर्फ. भाऊ विचारतात, काय करू?

भाऊ, मी गेली सत्तावीस वर्षं पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कामगारांच्या बाजूने खातेनिहाय चौकश्यांमध्ये बसतोय. त्यांत चालकांच्या बऱ्याच होत्या. तुमच्यासारखी क्लिप असलेली प्रकरणं हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी येतात. आधी एक स्पष्ट बोलतो, मग कायद्याकडे वळू.

तुम्ही फोन घ्यायला नको होता. गाडी साठच्या वेगात असेल तर ती सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. क्लिपच्या चाळीस सेकंदांत तुमची बस साडेसहाशे मीटरहून जास्त पुढे गेली, एका हाताने, आणि मागे रात्रपाळी करून झोपलेली माणसं होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्री लावल्याने तो फारसा कमी होत नाही, कारण लक्ष संभाषणाकडे गेलेलं असतं. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाही. चौकशीत समोरचा माणूस हेच बोलणार आहे आणि तुम्ही ते आधी मनाशी मान्य केलेलं असेल तर तुमच्या तोंडून उत्तर नीट निघेल. ज्याने मान्य केलेलं नसतं तो चौकशीत चिडतो, आणि चिडलेला चालक बघून चौकशी अधिकारी मनातल्या मनात निकाल लिहून टाकतो.

आता राजीनामा. देऊ नका, निदान आज नको. एचआरच्या खोलीत बसून, त्यांनी टाइप करून ठेवलेल्या कागदावर तर अजिबात नको. ‘दबावाखाली सही केली’ हे नंतर कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जातं, कारण खोलीत तुमच्या बाजूचं कुणी नसतं. राजीनामा दिला नाही तर सगळे पैसे बुडतील ही भीती घातली जातेय, तीही तपासून बघा. भविष्य निर्वाह निधी बडतर्फीने बुडत नाही, तुमचा वाटा आणि मालकाचा वाटा दोन्ही तुमचेच. ग्रॅच्युइटी जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने मालकाचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानापुरती, आणि दंगा, मारहाण किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर सगळी किंवा काही. १९७२ चा जुना कायदा घ्या की त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, तत्त्व तेच. तुमच्या प्रकरणात अपघात नाही, बसला ओरखडा नाही, चोरी नाही. तेव्हा ग्रॅच्युइटी अडवायला कंपनीकडे आधार दिसत नाही. ढोबळ हिशोब असा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये धरले, तर २६ ने भागून १५ दिवसांचे १०,५०० होतात, आणि अकरा वर्षांचे १,१५,५००. ‘राजीनामा दिलास तर देतो’ म्हणून जे पुढे केलं जातंय त्यातलं बरंचसं तुमचंच आहे. दारू पिऊन गाडी चालवली असती, माणूस दगावला असता, तर मीच म्हटलं असतं की सन्मानाने बाहेर पडायचा विचार करा. तुमचं प्रकरण तसलं नाही.

आता खरा मुद्दा. तुमची नोकरी फोनपेक्षा त्या पहिल्या जबाबामुळे जास्त धोक्यात आहे.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघांच्या चौकशीला मी हजर होतो. पहिला टँकरवर होता. केबिनमधल्या कॅमेऱ्यात तो हात कानाला लावून दिसत होता. त्याने लिहून दिलं, कान खाजवत होतो. चौकशीत म्हणाला, हातात पाकीट होतं. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने लॅपटॉप फिरवला, क्लिप थांबवली आणि मोठी केली. पहाटेचा अंधार होता, केबिनमध्ये दिवा नव्हता, आणि त्याच्या गालावर, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, मोबाइलच्या पडद्याचा निळसर उजेड पडला होता. खोलीत कुणी बोललं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, त्याने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. त्यानंतर आम्ही जे काही मांडलं, चौदा वर्षांची स्वच्छ नोकरी, वरून आलेला फोन, त्यातलं काहीच कुणाच्या कानात शिरलं नाही. तो बडतर्फ झाला आणि कामगार न्यायालयातही हरला. निकालात फोनवर एक परिच्छेद होता आणि खोटं बोलण्यावर तीन.

दुसरा तुमच्यासारखाच, कामगारांच्या बसवर. त्यानेही पहिल्या दिवशी नाकारलं होतं. पण आरोपपत्राच्या उत्तरात, क्लिप दाखवली जायच्या आधी, त्याने स्वतःहून लिहिलं की तो जबाब चुकीचा होता, भीतीपोटी दिला होता. त्याला चार दिवसांचं बिनपगारी निलंबन झालं आणि सहा महिने चालकाच्या सीटवरून काढून वॉशिंग बे-वर, म्हणजे गाड्या धुवायच्या जागेवर, ठेवलं. ते सहा महिने त्याने खाली मान घालून काढले. आज तो परत रूटवर आहे.

म्हणून तुमच्या उत्तराची पहिली ओळ खरी पाहिजे. पण इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर खरं बोलूनही माणूस बाहेर जातो. कबुली द्यायची ती घटनेची, आरोपाची नाही.

समजावून सांगतो. आरोपपत्रात तुमच्यावर चार आरोप आहेत: प्रवाशांचा जीव धोक्यात घालणं, वरिष्ठांच्या आदेशाचा जाणूनबुजून भंग, खोटा जबाब, आणि कंपनीची बदनामी. तुम्ही जर ‘मला सर्व आरोप मान्य आहेत, माफ करा’ असं लिहिलंत, तर कंपनी म्हणेल की कामगाराने गुन्हा कबूल केला, चौकशीची गरजच उरली नाही, आणि थेट बडतर्फीचा हुकूम काढेल. बिनशर्त आणि स्पष्ट कबुली असेल तर न्यायालयं हे मान्यही करतात. ‘माफीनामा लिहून दे, साहेब सोडून देतील’ असं तुम्हाला टाइम ऑफिसातलं कुणीतरी सांगेल, कदाचित खरंच भल्यासाठी सांगेल. त्या एका कागदाने माझ्या ओळखीत तीन संसार उघड्यावर आलेत. तेव्हा घडलं ते लिहा, त्याला कंपनीने जी नावं दिलीत ती एकेक तपासा, जी बसत नाहीत ती नाकारा, आणि शेवटी चौकशीची मागणी करा.

एकेक घेऊ.

‘जाणूनबुजून आदेशभंग’. फोन वापरू नये असा लेखी आदेश तुम्हाला दिला होता का? तुमची सही आहे का? मराठीत होता का? सही असेल तर नाकारू नका, कागद बाहेर येतोच. पण तुम्ही लिहिलंय की त्याच कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर रोज पहाटे पिक-अपचे बदल येतात आणि ‘ओके’ टाकावं लागतं. आणि सुपरवायझर रूटवर असताना फोन करतो. मग आदेश नेमका कोणता? भिंतीवरच्या पाटीतला, की रोज पाळायला लावलेला? तुमच्या बचावातला सर्वात दणकट भाग हाच आहे. एका चौकशीत आम्ही सुपरवायझरलाच साक्षीला बोलावलं. मी विचारलं, तुम्ही फोन केला तेव्हा गाडी कुठे होती? म्हणाला, रूटवर. चालू होती हे माहीत होतं? हो. चालकाने उचलला नाही तर तुम्ही काय करता? परत करतो. किती वेळा? तो गप्प. मग मी एक जुना मेमो पुढे ठेवला. दुसऱ्या चालकाला दोन वर्षांपूर्वी दिलेला, सही त्याच सुपरवायझरची. मेमोत लिहिलं होतं, ‘रूटवर असताना वारंवार फोन करूनही आपण प्रतिसाद दिला नाही.’ चौकशी अधिकाऱ्याने तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मेमो आम्हाला कंपनीने दिला नव्हता. त्या चालकाच्या बायकोने घरच्या लोखंडी पेटीतून काढून दिला होता. तुमच्या सहकाऱ्यांकडे असले मेमो आहेत का, आजच विचारा.

याने तुमची चूक पुसली जात नाही, हे विसरू नका. गाडी बाजूला घेऊन फोन करायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द ढिला पडतो आणि शिक्षेचं माप बदलतं.

‘कंपनीची बदनामी’. क्लिप तुम्ही काढली नाही, फिरवली नाही. एवढं एका वाक्यात लिहा, यावर जास्त वेळ घालवू नका.

‘जीव धोक्यात घालणं’. इथे शब्द जपून. धोका नव्हता असं लिहू नका. गाडीचा वेग, रस्त्यावरची वर्दळ, अपघात झाला नाही ही वस्तुस्थिती, एवढंच मांडा. बसला जीपीएस आहे, म्हणजे सहा दहाचा वेग कंपनीकडे नोंदलेला आहे. तो मागा. पंचवीस-तीसच्या वेगात कोंडीत सरकत असाल तर तुमच्या बाजूने जाईल, साठवर असाल तर विरोधात. तुम्हाला आठवत असेलच काय होतं, त्याप्रमाणे ठरवा. अपघात झाला असता तर चित्र फार वेगळं असतं. चोलन रोडवेज प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात करणाऱ्या बसचालकाची बडतर्फी कायम ठेवली आणि सांगितलं की खात्याच्या चौकशीत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पुरतं.

हाच धागा पकडून तुमच्या दुसऱ्या एका आशेबद्दल सांगतो. तुम्ही लिहिलंय, ज्याने क्लिप काढली तो कामगार साक्षीला येणार नाही, मग केस उभीच राहणार नाही ना? राहते. बस कंडक्टरच्या प्रकरणात, हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग, १९७७, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रवाशांना साक्षीला आणलं नाही एवढ्यावरून चौकशी बाद होत नाही, पटण्याजोगा काही पुरावा असला की झालं. क्लिपच्या खरेपणावर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि कापलेल्या तुकड्याऐवजी पूर्ण, मूळ क्लिप जरूर मागा, कारण फोन कधी उचलला आणि कधी ठेवला हे त्यातच दिसेल. पण जी क्लिप खरी आहे हे तुम्हालाच माहीत आहे तिला खोटी ठरवायला जाऊ नका. केबिनमधले नवे कॅमेरे नुसता हात कानाजवळ गेला तरी ‘फोन’ म्हणून नोंद करतात, तिथे हा वाद घालण्यात अर्थ असतो. तुमच्या बाबतीत नाही.

आणखी एक पळवाट तुम्हाला सुचवली जाईल: मॅप बघत होतो म्हण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलं गेलं. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे २०२० च्या नियमदुरुस्तीत रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला सवलत मिळाली, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पण कानाला लावलेल्या फोनवर कुणी मॅप बघत नाही. हे म्हणाल तर दुसरं खोटं होईल.

कायद्याचं हे अंग तुमच्या नोकरीपलीकडेही जातं. क्लिप पोलिसांकडे गेली तर ई-चलान येऊ शकतं, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ खाली फोन वापरणं हे लायसन्स निलंबित करण्याचं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की असं लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावं. तुमचं जड वाहनाचं लायसन्स म्हणजे तुमची भाकरी. आरटीओची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका, म्हणणं मांडायची संधी कायद्याने दिलेली असते. आणि चलान आलं तर भरण्याआधी तुमच्या वकिलाला किंवा प्रतिनिधीला दाखवा, कारण भरलेल्या चलानाची पावती चौकशीत कबुली म्हणून पुढे ठेवली जाते.

आता चौकशी कशी चालावी ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ आणि स्थायी आदेशांचा, म्हणजे आस्थापनेतल्या नोकरीच्या आणि शिस्तीच्या नियमांचा, १९४६ चा कायदा यांच्या जागी आता औद्योगिक संबंध संहिता आहे. स्थायी आदेशांचं प्रकरण ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतं. तुमच्या कंत्राटदाराकडे चारशेच्या वर चालक-मदतनीस आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुम्ही त्यात येता. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर ७५ टक्के. चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची आहे. हा निर्वाह भत्ता महिन्याच्या महिन्याला लेखी मागा. आणि या काळात दुसऱ्याची गाडी चालवायला जाऊ नका. घर चालवायचं असतं हे मला कळतं, दोन पोरांच्या फीचं तुम्ही लिहिलंय. पण निलंबित चालक ओला किंवा टेम्पोवर दिसला की भत्ता थांबतो, आणि ‘बेकार आहे’ हे त्याचं म्हणणं संपतं. पुढे मागचा पगार, म्हणजे कामाबाहेर ठेवलेल्या काळाचा पगार, मागायची वेळ आली तर हेच आडवं येतं. मागच्या पगाराबद्दल दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात, तेही महाराष्ट्रातलंच, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की चुकीने काढलेल्याला मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम, पण आधी कामगाराने सांगावं लागतं की या काळात दुसरीकडे कमाई नव्हती.

चौकशीत एकटे बसू नका. सहकामगार किंवा युनियनचा पदाधिकारी प्रतिनिधी म्हणून मागा. शांत डोक्याचा माणूस निवडा, जोरात बोलणारा नको. कामकाज मराठीत नोंदवा अशी मागणी पहिल्याच तारखेला लेखी द्या. इंग्रजीत लिहिलेल्या पानावर ‘वाचून दाखवलं, समजलं’ असं छापलेलं असतं आणि लोक खाली सही करतात. समजलं नसेल तर सहीच्या वर आपल्या हाताने तसं लिहा. प्रत्येक तारखेची प्रत त्याच दिवशी घ्या. तारीख पुढे मागायची असेल तर एकदा मागा, योग्य कारणाने. तीनदा मागितलीत की ती टाळाटाळ म्हणून नोंदली जाते आणि चौकशी एकतर्फी होते.

चौकशी संपल्यावर अहवालाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे, शिक्षा ठरायच्या आधी. ईसीआयएल विरुद्ध करुणाकर, १९९३, या निकालापासून हे पक्कं आहे. त्या अहवालावरचं तुमचं उत्तर म्हणजे शिक्षेच्या मापावर बोलायची जागा. तिथे अकरा वर्षांचा हिशोब मांडा: अपघात शून्य, २०१९ ची उशिराबद्दलची एक ताकीद सोडली तर काही नाही, आणि तुम्ही स्वतःहून काय करायला तयार आहात. काही महिने चालकाच्या सीटवरून बाजूला राहायला, प्रशिक्षण घ्यायला, इन्क्रिमेंट सोडायला. मालकाला बडतर्फीशिवाय दुसरा रस्ता तुम्ही दाखवला तर पुष्कळदा तो घेतो, कारण चांगला जड वाहनचालक मिळणं सोपं राहिलेलं नाही.

तरीही काढलंच तर? महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे, ज्याला आम्ही सगळे ‘यूएलपी’ म्हणतो. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीत लिहिलंय की किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, त्याचं स्वरूप आणि आधीची नोकरी न बघता, धक्का बसावा इतकी अवाजवी शिक्षा देणं ही अनुचित प्रथा आहे. नैसर्गिक न्याय, म्हणजे कामगाराला आपलं म्हणणं मांडायची नीट संधी, धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने काढणं हीसुद्धा. तक्रारीची मुदत ९० दिवस. आणि बडतर्फीचा हुकूम हातात पडायची वाट बघावीच लागते असं नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या १९९५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की मालक काढायच्या बेतात आहे, कारवाई सुरू झाली आहे, अशा टप्प्यावरही तक्रार करता येते. मात्र ‘किरकोळ’ या शब्दावर कंपनी कडाडून भांडेल. प्रवासी असलेल्या चालू बसमध्ये फोन हे किरकोळ नाही, असं त्यांचा वकील म्हणेल, आणि मला विचाराल तर त्याच्या म्हणण्यात वजन आहे. म्हणून तुमचा भर ‘किरकोळ’वर नको, अकरा वर्षांच्या नोकरीवर आणि कंपनीच्या स्वतःच्या फोन करण्याच्या पद्धतीवर ठेवा.

दुसरा रस्ता समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांचा वाद मिटवायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज आणि मग न्यायाधिकरण. जुन्या कायद्यात त्याला तीन वर्षं होती, संहितेत दोन. कामगाराने दोन्हींपैकी कोणता रस्ता धरायचा हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, आणि ९० दिवसांची मुदत डोळ्यासमोर ठेवून चाला, म्हणजे दोन्ही दारं उघडी राहतात. चौकशीच न करता काढलं तर कंपनीला न्यायालयात सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. क्लिप हातात असताना ते त्यांना जड जाणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, एवढं सगळं एका फोनसाठी? हवा कुठे वाहतेय ते बघा. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. प्रवाशाने क्लिप काढून परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवली. चालक बडतर्फ झाला, आणि ज्या खासगी कंपनीचा तो होता तिला दंड झाला. तेव्हापासून कंत्राटदार घाबरलेले आहेत. क्लिप आली की आधी चालकाला बाहेर काढायचं आणि मग विचार करायचा, अशी सवय लागलीय. सामना बघणं आणि सुपरवायझरचा फोन घेणं यातला फरक तुम्हाला कागदावर दाखवावा लागेल, तो आपोआप कुणाला दिसणार नाही.

आता उत्तर कसं लिहायचं ते देतो. तुमचे तपशील घाला, शब्द फार बदलू नका.

‘आरोपपत्रास माझे उत्तर पुढीलप्रमाणे. त्या दिवशी सकाळी सुमारे ६.१० वाजता, गाडी चालू असताना, मी वाहतूक सुपरवायझर यांचा आलेला फोन घेतला, हे खरे आहे. मी गाडी बाजूला थांबवायला हवी होती, ती थांबवली नाही, ही माझी चूक आहे. त्याच दिवशी कार्यालयात दिलेल्या जबाबात मी फोन घेतला नाही असे लिहिले, ते बरोबर नव्हते. नोकरी जाईल या भीतीने मी तसे लिहिले. तो जबाब मी आज स्वतःहून दुरुस्त करीत आहे. रूटवर असताना फोन व ग्रुपवरील संदेशांना तत्काळ प्रतिसाद द्यावा अशी कार्यालयाची रोजची पद्धत असल्याने, आदेशाचा जाणूनबुजून भंग केल्याचा आरोप मला मान्य नाही. चित्रफीत मी काढलेली किंवा प्रसारित केलेली नसल्याने बदनामीचा आरोपही मान्य नाही. उर्वरित आरोपांबाबत माझे म्हणणे मांडण्यासाठी रीतसर चौकशी व्हावी, मला प्रतिनिधी मिळावा, तसेच संपूर्ण मूळ चित्रफीत, त्या वेळची जीपीएस नोंद व माझ्या सेवापुस्तकाची प्रत मिळावी, ही विनंती.’

हे एका पानात बसतं. दुसरं पान लावू नका. आईचं आजारपण, कर्ज, मुलांच्या फी, हे सगळं खरं आहे, पण त्याची जागा शेवटच्या टप्प्यावर, शिक्षेच्या वेळी.

फोन विकू नका, बदलू नका, रीसेट करू नका. सहा नऊ आणि सहा दहाच्या कॉलची नोंद, त्या पहाटेचे ग्रुपवरचे मेसेज, आधीच्या महिन्यांतले ‘फोन उचल’ असले मेसेज, यांचे स्क्रीनशॉट आज रात्रीच घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. ग्रुपवरून तुम्हाला कधीही काढतील, आधीच काढलं नसेल तर.

क्लिप काढणाऱ्या कामगाराचं नाव कळलंय असं तुम्ही लिहिलंय. त्याला फोन करू नका, गाठू नका, मित्रांकरवी निरोप पाठवू नका. साक्षीदाराला धमकावलं असा पाचवा आरोप लागतो. शिवाय तो त्याच बसमध्ये बसलेला होता, भाऊ. त्यालाही घरी पोचायचं होतं.

उत्तर ७२ तासांच्या आत हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि वेळ घ्या. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती त्या प्रतीला टाचून ठेवा.